व्हर्च्युअल मशीन हलवली की प्रोग्राम का पडतो: गेस्टच्या व्हेक्टर रजिस्टरांचा हिशेब

रत्नागिरीहून आलेला प्रश्न असा आहे. मिरकरवाड्याच्या बोटवाल्यांसाठी लाटांच्या उंचीचा अंदाज काढणारा एक छोटा गट आहे. त्यांच्याकडे दोन सर्व्हर: एक इंटेलच्या ब्रॉडवेल पिढीचा, दुसरा त्यानंतरच्या स्कायलेक-एसपीचा. दोन्हींवर लिनक्स, केव्हीएम (लिनक्स कर्नलमधला व्हर्च्युअल मशीन चालवणारा भाग) आणि क्यूएमू (त्या मशीनला बाकीचं यंत्र पुरवणारा प्रोग्राम), आणि सगळ्या व्हर्च्युअल मशीन होस्ट-पासथ्रू सीपीयूने, म्हणजे होस्टचा (यजमान सर्व्हरचा) प्रोसेसर आतल्या गेस्टला जसाच्या तसा दाखवून, चालवलेल्या. पावसाळ्यात वीज गेली की बॅटरीवर एकच सर्व्हर ठेवतात, म्हणून मशीन एकावरून दुसऱ्यावर हलवावी लागते. कधी ती डिस्कवर सेव्ह करून सकाळी दुसऱ्या सर्व्हरवर उठवतात. स्कायलेकवर सुरू झालेलं मॉडेल ब्रॉडवेलवर गेलं की ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ म्हणत पडतं. उलट दिशेने काही होत नाही. शिवाय दोन सर्व्हरवरच्या उत्तरांत दशांशाचे शेवटचे आकडे जुळत नाहीत. त्यांनी विचारलं आहे ते हे: केव्हीएम गेस्टची व्हेक्टर रजिस्टरं, म्हणजे एका सूचनेत अनेक आकडे हाताळणारी प्रोसेसरमधली रुंद रजिस्टरं, नीट जपत नाही का? एव्हीएक्स-५१२, म्हणजे ५१२ बिटी व्हेक्टरांच्या सूचनांचा संच, सरसकट बंद करावं का? आणि पुढचा सर्व्हर एएमएक्सवाला (मॅट्रिक्स गुणाकाराच्या सूचना असलेला) इंटेल घ्यावा की आर्म?

केव्हीएम ती रजिस्टरं जपतं, आणि चांगली जपतं. तुमचा घोटाळा मशीन चालू होते त्या क्षणीच झालेला आहे. त्या वेळी गेस्टला ‘तुझ्याकडे एव्हीएक्स-५१२ आहे’ असं सांगितलं गेलं, आणि हे सांगणं मशीन बंद होईपर्यंत पाळणं ब्रॉडवेलला शक्य नाही. पण हे पटायला आधी रजिस्टरं कुणाच्या ताब्यात कधी असतात ते नीट पाहायला हवं.

पुष्कळ जणांचा समज असतो की गेस्टमधून होस्टमध्ये येताना प्रोसेसर सगळं आपोआप बाजूला ठेवतो. तसं नाही. इंटेलच्या व्हीएमएक्स या व्हर्च्युअलायझेशनच्या सोयीत व्हीएम एक्झिट होताना, म्हणजे ताबा गेस्टकडून होस्टकडे येताना, हार्डवेअर बदलतं ते इन्स्ट्रक्शन पॉइंटर, स्टॅक पॉइंटर, फ्लॅग, सीआर-०, सीआर-३, सीआर-४ ही नियंत्रण रजिस्टरं, सेगमेंट आणि काही ठरावीक एमएसआर (प्रोसेसरची खास सेटिंग रजिस्टरं). उरलेली साधी रजिस्टरंसुद्धा केव्हीएमचा असेम्ब्ली कोड हाताने ठेवतो. व्हेक्टर रजिस्टरांना तर कुणीच हात लावत नाही. एक्झिट झाल्यावर होस्ट कर्नल चालू असतं तेव्हा झेडएमएम या ५१२ बिटी रजिस्टरांमध्ये गेस्टचेच आकडे पडलेले असतात.

हे चालतं, कारण कर्नलचा नेहमीचा कोड व्हेक्टर रजिस्टरं वापरतच नाही. क्यूएमूच्या थ्रेडने ‘व्हीसीपीयू (गेस्टचा आभासी प्रोसेसर) चालव’ असा आयओसीटीएल, म्हणजे कर्नलला हुकूम, केला की केव्हीएम होस्टची व्हेक्टर स्थिती मेमरीत ठेवतं, गेस्टची चढवतं, आणि मग आतल्या लूपमध्ये शेकडो एक्झिट झाले तरी तिला शिवत नाही. परत क्यूएमूकडे जायची वेळ आली की अदलाबदल उलटी होते. मध्येच कर्नलला स्वतःला ही रजिस्टरं हवी झाली, समजा डिस्क एन्क्रिप्शनसाठी, तर ते आधी ‘कर्नल एफपीयू बिगिन’ म्हणतं. त्यात चालू थ्रेडची स्थिती जपली जाते आणि गेस्टमध्ये परत शिरण्याआधी ती पुन्हा चढवावी लागेल अशी खूण होते. शेड्युलरने थ्रेड खाली उतरवला तरी हेच. लिनक्स ५.१६ पासून ही अदलाबदल फार सुबक झाली आहे: थ्रेडकडे एक पॉइंटर असतो, तो कधी होस्टच्या तर कधी गेस्टच्या बफरकडे बोट दाखवतो, आणि कॉन्टेक्स्ट स्विच करणाऱ्या कोडला आत गेस्ट आहे की होस्ट हे माहीत असण्याची गरजच उरत नाही. मला या सगळ्या व्यवस्थेतला हा सर्वांत आवडता भाग वाटतो. कुठल्याही क्षणी रजिस्टरांचा मालक एकच, आणि तो कोण हे एका जागी लिहिलेलं.

एक्ससीआर-० मात्र वेगळा चालवावा लागतो. कुठली स्थिती वापरायला परवानगी आहे हे हे रजिस्टर सांगतं: बिट ० एक्स८७ चा (जुन्या फ्लोटिंग पॉइंटचा), १ एसएसईचा (१२८ बिटी एक्सएमएम), २ एव्हीएक्सचा (२५६ बिटी वायएमएम), ५-६-७ हे तिन्ही मिळून एव्हीएक्स-५१२ चे, ९ पीकेआरयूचा (मेमरीच्या संरक्षण-किल्ल्यांचा), १७ आणि १८ एएमएक्सचे. गेस्टने एक्ससेटबीव्ही ही सूचना चालवली की इंटेलवर हमखास व्हीएम एक्झिट होतं. केव्हीएम मागितलेले बिट या गेस्टला दिलेल्या सीपीयूआयडीशी (प्रोसेसरच्या क्षमतांच्या यादीशी) ताडून पाहतं, आणि बसत नसतील तर गेस्टला जनरल प्रोटेक्शन फॉल्ट देतं. गेस्टचा आणि होस्टचा एक्ससीआर-० वेगळा असेल तर प्रत्येक प्रवेशाला गेस्टचा चढवायचा आणि बाहेर आल्या आल्या होस्टचा. हा दुसरा भाग विसरून चालत नाही, कारण रजिस्टरं मेमरीत लिहिणारी एक्ससेव्ह ही सूचना फक्त चालू एक्ससीआर-० मध्ये असलेलीच स्थिती जपते. गेस्टने फक्त एसएसई चालू ठेवलेलं असताना त्याच मापाने होस्टची रजिस्टरं जपायला गेलात तर वरचे भाग निमूट गळून जातील.

आता आकार. एक्ससेव्हच्या जागेत पहिले ५१२ बाइट जुन्या एफएक्ससेव्हचे आणि पुढचे ६४ शीर्षकाचे. एव्हीएक्सने त्यात २५६ बाइटची भर घातली, म्हणजे ८३२. एव्हीएक्स-५१२ मध्ये मास्क रजिस्टरांचे ६४, पहिल्या सोळा झेडएमएमच्या वरच्या अर्ध्या भागांचे ५१२ आणि नव्या सोळा झेडएमएमचे १०२४. ठरलेल्या जागांच्या मांडणीत हे २६८८ पर्यंत जातं, कारण मध्ये एमपीएक्स या इंटेलच्या जुन्या सोयीसाठी राखलेली जागाही धरावी लागते. एएमएक्सचे टाइल (मॅट्रिक्स ठेवायची रजिस्टरं) एकटेच ८१९२ बाइट खातात, आणि एकूण ११,००८ होतात. दाबून ठेवण्याच्या म्हणजे कॉम्पॅक्टेड मांडणीत मधल्या रिकाम्या जागा नसतात. कर्नल स्वतःपुरती ती वापरतं, पण क्यूएमूला स्थिती देताना केव्हीएम ठरलेल्या जागांचीच मांडणी देतं. एएमडीकडे एमपीएक्स कधीच नव्हतं, त्यामुळे तिथे काही भागांच्या जागाच वेगळ्या आहेत. इंटेलवर सेव्ह केलेली मशीन एएमडीवर उठवण्याचा विचार कुणी मांडला तर मी ‘नको’ म्हणतो, आणि त्याचं हे एक कारण आहे.

काही ठिकाणी अजून एक जुना सल्ला ऐकू येतो: व्हेक्टर रजिस्टरं दर वेळी बदलू नका, नवा गेस्ट ती वापरायला जाईल तेव्हा सापळा लावून बदला. सीआर-० मधला टीएस बिट लावून हे करत असत. तारकर्लीतल्या एखाद्या होमस्टेने आधीच्या पाहुण्याचं सामान खोलीतच ठेवून, नव्याने दार उघडलं तरच ते हलवायचं, असा हा प्रकार. जून २०१८ मध्ये लेझीएफपी म्हणजे सीव्हीई-२०१८-३६६५ जाहीर झालं तेव्हा उघड झालं की इंटेलच्या कोअर प्रोसेसरवर सापळा पडण्याआधीच्या अंदाजी अंमलबजावणीत ते आधीचं सामान वाचता येतं. एईएसच्या सूचना एक्सएमएम रजिस्टरांतच किल्ल्या ठेवतात, म्हणजे धोका किती ते वेगळं सांगायला नको. झेन (Xen) या हायपरवायझरने त्याच वेळी एक्सएसए-२६७ ही सुरक्षा-सूचना काढली. लिनक्सने ४.६ पासूनच आळशी पद्धत मुळात बंद ठेवली होती, आणि तीही सुरक्षेसाठी नव्हे: बहुतेक प्रोग्राम एसएसई वापरतातच, मग सापळ्याचा खर्च वाचवलेल्या वेळेपेक्षा जास्त होतो. शिवाय एक्ससेव्हच्या सुधारित प्रकारांत हार्डवेअरच पुष्कळ काम वाचवतं. एखादा भाग मूळ अवस्थेत असेल तर तो लिहिलाच जात नाही, म्हणून कामानंतर व्हीझीरोअपर (वायएमएमचे वरचे भाग शून्य) करणारा कोड मला सभ्य वाटतो. आणि शेवटच्या एक्सरेस्टोरनंतर (स्थिती परत चढवल्यानंतर) न बदललेला भागही एक्ससेव्हऑप्ट व एक्ससेव्हएस गाळू शकतात. त्यासाठी प्रोसेसर पत्ता, प्रिव्हिलेज पातळी, मांडणी यांच्यासोबत ‘हे गेस्टमध्ये झालं की बाहेर’ हेही लक्षात ठेवतो. गेस्ट आणि होस्टचा पत्ता योगायोगाने एकच निघाला तरी गोंधळ होऊ नये म्हणून ही सोय आहे.

आर्मवर केव्हीएमने आळशी पद्धत जास्त काळ धरून ठेवली. होस्टची स्थिती लगेच जपायची नाही, गेस्टने एफपी (फ्लोटिंग पॉइंट) किंवा एसव्हीई (आर्मचे बदलत्या रुंदीचे व्हेक्टर) वापरल्यावर सापळ्यात जपायची. त्यात बारीक चुका साचत गेल्या. होस्टची एसव्हीई स्थिती मध्येच हरवायची, आणि मेमरी हलवणाऱ्या फंक्शनमध्ये एसव्हीई वापरणारं क्यूएमू स्वतःच कोसळायचं. २०२५ च्या सुरुवातीला तो कोड बदलून गेस्टमध्ये शिरण्याआधी होस्टची स्थिती बिनशर्त जपायला सुरुवात झाली. मला हा निर्णय पूर्ण पटतो. मालकी संदिग्ध ठेवून वाचवलेले काही शे नॅनोसेकंद पुढे कुणाच्या तरी आठवड्यांची माती करतात.

आता तुमच्या मॉडेलकडे. संख्यांची लायब्ररी सुरू होताना एकदाच सीपीयूआयडी आणि एक्ससीआर-० वाचते, एव्हीएक्स-५१२ दिसलं की त्या फंक्शनांचे पॉइंटर भरून ठेवते, आणि पुन्हा कधी विचारत नाही. ग्लिबसी ही लिनक्सची मूळ सी लायब्ररीसुद्धा मेमरी कॉपीचं फंक्शन प्रोसेस सुरू होताना असंच निवडते. हा प्रोसेस अर्ध्यात असताना मशीन ब्रॉडवेलवर गेली. तिथल्या प्रोसेसरला एक्ससीआर-० चे ५, ६, ७ बिट माहीतच नाहीत, ते चढणार कसे? पुढची झेडएमएमवाली सूचना आली की अवैध ऑपकोड. डिस्कवर सेव्ह केलेल्या मशीनचंही हेच, कारण त्या फाइलमध्ये हीच व्हेक्टर स्थिती लिहिलेली असते. उलट दिशेला ब्रॉडवेलवर सुरू झालेला प्रोसेस एव्हीएक्स-२ निवडून बसलेला असतो, आणि स्कायलेकला ते सगळं येतं.

म्हणून होस्ट-पासथ्रू सोडा. दोन्ही यजमानांची सीपीयू-क्षमता लिबव्हर्टला (व्हर्च्युअल मशीन सांभाळणाऱ्या साधनाला) देऊन बेसलाइन, म्हणजे दोन्हींतला सामाईक संच, काढा, किंवा सरळ क्यूएमूचं ब्रॉडवेल हे नाव असलेलं मॉडेल दोन्हीकडे लावा. त्याच्या उपप्रकारांपैकी दोन्ही सर्व्हरवर चालणारा निवडा. टीएसएक्स (इंटेलची ट्रान्झॅक्शनल मेमरी) असलेला आणि नसलेला असे वेगळे प्रकार आहेत. हाताने एकच एव्हीएक्स-५१२-एफ बिट खोडण्यापेक्षा हे बरं, कारण हार्डवेअर ५-६-७ हे बिट एकत्रच मान्य करतं आणि सीपीयूआयडीचं ०डी हे पान त्यांच्याशी जुळलेलं असावं लागतं. आणि बदल केल्यावर मशीन पूर्ण बंद करून पुन्हा चालू करा. गेस्टच्या आतून रीबूट केल्यास क्यूएमूचा प्रोसेस तोच राहतो आणि सीपीयूचं मॉडेलही तेच. या एका गोष्टीपायी बदल लागूच होत नाही असं समजून हताश झालेले लोक मी पाहिले आहेत.

इथे एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. एव्हीएक्स-५१२ लपवलं की ते खरोखर बंद होतं, कारण एक्ससीआर-० चं कुलूप आहे. पण एव्हीएक्स-२ किंवा एफएमए (गुणाकार-बेरीज एकत्र करणारी सूचना) यांना स्वतःची वेगळी स्थिती नाही. ते एव्हीएक्सच्याच वायएमएम रजिस्टरांवर चालतात. एकदा एव्हीएक्स चालू केलं की सीपीयूआयडीत एफएमए लपवूनही ती सूचना चालतेच, हायपरवायझर तिला अडवू शकत नाही. तिथे सीपीयूआयडी म्हणजे फक्त विनंती. म्हणून गेस्टमध्ये ‘मार्च-नेटिव्ह’ (समोरच्याच प्रोसेसरसाठी बांधणी) या पर्यायाने कंपाइल करू नका. असा प्रोग्राम आज विनातक्रार चालेल आणि एखाद्या जुन्या सर्व्हरवर गेल्यावर पडेल. लाटांच्या मॉडेलसाठी एव्हीएक्स-२ आणि एफएमए इतकं स्पष्ट लक्ष्य द्या, म्हणजे दोन्ही सर्व्हर त्यात येतात.

शेवटचे दशांश न जुळणं हे रजिस्टर बिघडल्याचं लक्षण नाही. चार-चारचे गट करून बेरीज करणं आणि आठ-आठचे गट करून करणं यांत क्रम बदलतो, आणि फ्लोटिंग पॉइंट बेरजेला क्रमाचा फरक पडतो. लायब्ररीने दोन सर्व्हरवर वेगळी फंक्शनं निवडली की हे होणारच. सीपीयूचं मॉडेल एक झालं की बहुतांशी थांबेल. खरा बिघाड वेगळा दिसतो: लाटेची उंची अचानक ऋण होते, मध्येच नॅन (‘ही संख्याच नाही’ असं उत्तर) येतं, आणि तोच इनपुट पुन्हा दिला तर दुसऱ्याच ठिकाणी येतं. तसं काही दिसलं तर आधी होस्टच्या नोंदींत मेमरीच्या ईसीसी (जादा बिटांनी पकडलेल्या) चुका आणि मशीन चेक (प्रोसेसरने नोंदवलेले हार्डवेअर दोष) पाहा. बंदराजवळच्या खाऱ्या हवेत कनेक्टर गंजतात हे आपल्या किनाऱ्यावर सर्व्हर सांभाळणाऱ्या प्रत्येकाने गृहीत धरावं, आणि रॅमच्या पट्ट्यांचे संपर्क पावसाळ्याआधी तपासावेत. ते स्वच्छ निघालं तर चाचणी अशी करा: गेस्टमध्ये दोन-चार थ्रेड, प्रत्येकाने आपल्या ओळखीचा आकडा सगळ्या व्हेक्टर रजिस्टरांत भरायचा आणि सतत तपासत राहायचं. होस्टवर दोन व्हीसीपीयू एकाच कोअरला बांधायचे, म्हणजे अदलाबदल सारखी होईल, आणि त्यातच मशीन इकडून तिकडे हलवायची. आर्मसाठी लिनक्सच्या सोर्समध्येच एफपी-स्ट्रेस नावाची अशी चाचणी आहे.

मग एव्हीएक्स-५१२ सरसकट सोडायचं का? लाटांचं मॉडेल मोठ्या ग्रिडवर चालतं आणि त्यात प्रोसेसर बराच वेळ मेमरीची वाट पाहतो. स्कायलेक-एसपीवर जड एव्हीएक्स-५१२ कोड चालला की घड्याळाची गतीही खाली येते. त्यामुळे मिळणारा फायदा रुंदी दुप्पट म्हणून दुप्पट असेल असं धरू नका. तुमच्याच ग्रिडवर दोन्ही मोजा. माझा कल स्पष्ट आहे: बोटी १ ऑगस्टला बाहेर पडतात आणि तेव्हापासून अंदाज रोज लागतो, म्हणजे पावसाच्या भर दिवसांत मशीन कुठल्याही सर्व्हरवर उठली पाहिजे. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धनपासून दापोलीपर्यंत अनेक गावांत वीज यायला आठवडे लागले. अशा वेळी जो सर्व्हर जिवंत असेल त्यावर काम उभं राहणं हे वेगापेक्षा मोठं. एखादं दीर्घ हिशेबाचं काम एव्हीएक्स-५१२ वर खरंच बरंच लवकर होत असेल, तर त्याची मशीन वेगळी करा, ती स्कायलेकवरच ठेवा, हलवू नका, आणि वीज गेल्यावर मॉडेलचा चेकपॉइंट लिहून ती बंद करा.

नव्या सर्व्हरबद्दल. जानेवारी २०२३ मध्ये आलेल्या सफायर रॅपिड्सपासून इंटेलमध्ये एएमएक्स आहे. ते मॅट्रिक्स गुणाकाराचं, तेही बीफ्लोट-१६ आणि ८ बिटी पूर्णांकांचं यंत्र. तुमच्या दुहेरी अचूकतेच्या मॉडेलला त्याचा उपयोग नाही, तेव्हा गेस्टला ते दाखवूच नका. पुढे कुणाला प्रतिमा ओळखण्यासाठी हवं झालंच तर केव्हीएममध्ये लिनक्स ५.१७ आणि क्यूएमू ७.० पासून आधार आहे. ८ केबीची जागा प्रत्येक व्हीसीपीयूला आधीपासून दिली जात नाही. क्यूएमूने गेस्टच्या वतीने कर्नलची परवानगी घ्यावी लागते, आणि गेस्टला एएमएक्स असलेलं सीपीयूआयडी दिलं जातं तेव्हाच बफर वाढतो. जुना गेट-एक्ससेव्ह आयओसीटीएल ४०९६ बाइटचाच असल्याने त्यात हे मावत नाही, म्हणून दुसरा आणावा लागला. काम संपल्यावर टाइलरिलीज न करणारा प्रोग्राम प्रत्येक अदलाबदलीत ते ८ केबी वाहून नेतो.

आर्मचा प्रश्न रुंदीचा आहे. एसव्हीईमध्ये व्हेक्टर १२८ पासून २०४८ बिटांपर्यंत असू शकतो: फुगाकूच्या ए६४एफएक्समध्ये ५१२, ग्रॅव्हिटॉन-३ मधल्या निओव्हर्स व्ही-१ मध्ये २५६, ग्रॅव्हिटॉन-४ मधल्या व्ही-२ मध्ये पुन्हा १२८. एकच बायनरी सगळीकडे चालते हे खरं, पण चालू असताना रुंदी बदललेली तिला चालत नाही. लूपने ती आधीच वाचून ठेवलेली असते. म्हणून केव्हीएममध्ये व्हीसीपीयू पहिल्यांदा चालण्याआधी रुंदींची यादी ठरवून ‘फायनलाइझ’ करावी लागते, आणि नंतर ती बदलता येत नाही. कमाल रुंदी झेडसीआर-ईएल२ या नियंत्रण रजिस्टरमधून खाली आणता येते. ५१२ आणि २५६ च्या दोन यजमानांत मशीन हलवायची तर दोघांना २५६ वरच थांबवा. जपायच्या स्थितीचा आकारही रुंदीबरोबर बदलतो: २५६ ला झेड रजिस्टरं १०२४ बाइट, २०४८ ला ८१९२, आणि त्यावर प्रेडिकेट म्हणजे मास्क रजिस्टरं. रिस्क-५ मध्ये तर ही मोकळीकही नाही, गेस्टची व्हीएलईएनबी (बाइटमधली व्हेक्टर रुंदी) यजमानाशी जुळायलाच हवी. तुमच्याकडे आधीच दोन इंटेल सर्व्हर असताना तिसरा आर्म घेतलात तर त्यावर या मशीन हलवताच येणार नाहीत. इंटेलच घ्या, आणि ब्रॉडवेल निवृत्त होईपर्यंत तिन्हींवर तेच मॉडेल ठेवा.

बदल लागू झाला का हे पाहायला गेस्टच्या बूटच्या नोंदींत ‘एफपीयू’ शोधा. तिथे कर्नल कॉन्टेक्स्टचा आकार छापतं. आज स्कायलेकवर, पीकेआरयू धरून, तो बहुधा २४४० बाइट दिसत असेल. पूर्ण बंद करून नव्या मॉडेलने उठवल्यावर दोन्ही सर्व्हरवर तो ८३२ दिसला पाहिजे. २४४० च दिसत राहिला तर मशीन अजून जुन्याच क्यूएमू प्रोसेसमध्ये आहे, किंवा लिबव्हर्टच्या एक्सएमएलमध्ये होस्ट-पासथ्रू कुठेतरी तसंच राहिलं आहे.